हिब्रूचं मराठी व्याकरण : एका स्कॉटिश कुटुंबाचा मुंबईतला शेजार

१८३२ साल म्हटलं की आपल्याला ‘दर्पण’ आठवतो. ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांनी त्याचा पहिला अंक काढला आणि तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. त्याच साली, याच मुंबईत आणखी एक पुस्तक छापून निघालं. हिब्रू भाषेचं व्याकरण, आणि तेही मराठीतून समजावलेलं. लिहिणारे जॉन विल्सन तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. स्कॉटलंडहून मुंबईला येऊन त्यांना तीनच वर्षं झाली होती. पुस्तक होतं बेने इस्राएल मंडळींसाठी, म्हणजे मुंबईत आणि अलिबागच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या यहुदी समाजासाठी.

हे प्रकरण मांडावंसं वाटलं त्याला कारण आहे. धर्मप्रसारासाठी आलेल्या परदेशी कुटुंबांबद्दल आपल्याकडे दोनच तऱ्हांनी बोललं जातं. शाळा काढल्या म्हणून उपकार मानायचे, नाहीतर माणसं बाटवली म्हणून बोटं मोडायची. ती माणसं इथे राहत कशी होती, कुणाच्या घरी त्यांचं जाणं-येणं होतं, कुणाशी जमलं आणि कुणाशी बिनसलं, हे या दोन्हींत हरवून जातं. विल्सन कुटुंबाकडे पाहिलं तर एकाच घराचे शहरातल्या वेगवेगळ्या समाजांशी अगदी वेगवेगळे संबंध जुळलेले दिसतात. त्यांत बेने इस्राएलांशी जुळलेला संबंध सगळ्यांत टिकाऊ ठरला. तो का टिकला, एवढाच इथला प्रश्न आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. या नात्यात पाहुण्यांनी यजमानांच्या हाती असं काही दिलं, की ते घेऊन यजमान आपल्या वाटेने जायला मोकळे राहिले.

आधी कोकण, मग मुंबई

जॉन विल्सन हे स्कॉटलंडच्या लॉडर गावचे, शेतकरी घरातले. मार्गारेट बेन या ग्रीनॉकच्या पाद्र्याची मुलगी. ऑगस्ट १८२८ मध्ये दोघांचं लग्न झालं, लगोलग बोटीचा प्रवास सुरू झाला आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये दोघं मुंबईला उतरली. नव्या संसाराचे पहिले महिने समुद्रावरच गेले.

मुंबईत मिशनरी कुटुंब तोवर अगदीच नवलाईचं राहिलेलं नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी परिस्थिती निराळी होती. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल व रोक्साना नॉट ही अमेरिकन मंडळी इथे आली, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत पाठवायचाच हुकूम काढला होता. त्यातून अमेरिका आणि इंग्लंडचं युद्ध पेटलेलं. गव्हर्नर सर एव्हन नेपियन यांची सहानुभूती होती म्हणून त्यांचा निभाव लागला. पुढे याच अमेरिकन मराठी मिशनने १८१५ मध्ये मुंबईत शाळा सुरू केली, छापखाना उभारला, १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका एकटी अमेरिकेहून इथे येऊन दाखल झाली. तेव्हा विल्सन दांपत्य आलं ते थोड्या मळलेल्या वाटेने आलं, असं म्हणायला हरकत नाही.

त्या वाटेवर किती मरणं होती, हेही त्यांना ठाऊक असणार. हॉल यांच्या पत्नी १८२५ मध्ये दोन्ही मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. एक मुलगा वाटेत बोटीवरच गेला. मागे राहिलेले हॉल पुढच्याच मार्चमध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीने गेले. इथे संसार मांडणाऱ्या प्रत्येक परदेशी जोडप्याच्या डोळ्यांसमोर ही उदाहरणं ताजी होती.

विल्सन दांपत्याने मुंबईत लगेच घर केलं नाही. स्कॉटिश मिशनची ठाणी कोकणात हर्णै आणि बाणकोटला होती. तिथे जाऊन दोघं मराठी शिकली. दोघं, हे मुद्दाम लिहितो. मिशनरी भाषा शिकतो आणि त्याची बायको घर सांभाळते, असा प्रकार इथे नव्हता. मार्गारेट यांचं शिक्षण चांगलं झालेलं होतं आणि त्या मराठीला नवऱ्याच्या बरोबरीने भिडल्या. सहा महिन्यांत विल्सन मराठीतून उपदेश करू लागले. नोव्हेंबर १८२९ मध्ये कुटुंब मुंबईला परतलं ते कामचलाऊ का होईना, बोलती मराठी बरोबर घेऊन.

माझ्या मते पुढच्या सगळ्याचं मूळ या कोकणातल्या मुक्कामात आहे. कोटात, म्हणजे तटाच्या आतल्या शहरात, राहणाऱ्या गोऱ्या साहेबाला मुंबईत इंग्रजी आणि मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीवर सहज दिवस काढता येत. विल्सन दांपत्याचा कान मात्र किनाऱ्यावरच्या मराठीला सरावला. बेने इस्राएलांची गावं याच किनाऱ्याला, अलिबाग-पेणपासून खाली जंजिऱ्यापर्यंत पसरलेली. मुंबईला आल्यावर या समाजाशी बोलायला त्यांना मध्ये दुभाष्या घ्यावा लागला नाही.

आंब्रोलीतलं घर

गिरगावात, आंब्रोलीला या मिशनचं काम रुजलं. कोटाच्या तटाबाहेरचं ते गिरगाव आजच्यासारखं नव्हतं. माडांच्या वाड्या होत्या, मधूनमधून वस्ती होती. आगगाडी यायला अजून वीस-बावीस वर्षं होती. स्कॉटलंडहून पत्र यायला महिनेच्या महिने लागत. मार्च १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेवर चालणारी बोट मुंबईहून सुएझकडे गेली तेव्हा इथल्या परदेशी घरांत केवढी आशा पालवली असेल, याची कल्पना आज फोनवर क्षणात बोलणाऱ्या आपल्याला यायची नाही. आई आजारी असल्याची बातमी यायची, तोवर ती बरी तरी झालेली असायची किंवा गेलेली तरी.

मार्गारेट यांचा दिवस कसा जाई हे आपल्याला कळतं ते त्यांच्या पत्रांतून आणि टिपणांतून. ती एकत्र करून विल्सन यांनी १८३८ मध्ये एडिंबराला त्यांचं चरित्र छापलं. घर, लहान मुलं, मराठीचा अभ्यास, मासिकासाठी लेखन आणि मुलींच्या शाळा असा तो दिवस होता. मुंबईत येऊन काही महिने होतात तोच त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. एक नव्हे, अनेक, वेगवेगळ्या वस्त्यांत. शिकवायला शिकलेली बाई आणणार कुठून? म्हणून शिक्षक पंतोजीच असत आणि देखरेख मार्गारेट यांची. एका शाळेतून दुसरीकडे जायचं, मुलींचं वाचन ऐकायचं, लिहिलेलं तपासायचं, शिवणकाम पाहायचं, आणि हे सगळं मराठीतून.

त्या काळी मुलगी शिकली तर ती लवकर विधवा होते, असं चांगल्या घरांत बोललं जाई. येणाऱ्या मुली बहुतेक गरिबाघरच्या. लग्न लवकर होई आणि लग्न झालं की शाळा सुटे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंची शाळा १८४८ ची, मुंबईत दादाभाई नौरोजींच्या पिढीतल्या तरुणांच्या सभेने काढलेल्या मुलींच्या शाळा १८४९ च्या. मार्गारेट यांचं काम त्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधीचं. अमेरिकन बायकांच्या कामाला जोडून ते पाहिलं तर मुंबईतल्या स्त्रीशिक्षणाची पहिली फळी या परदेशी गृहिणींनी उभी केली, हे मान्य करावंच लागतं. आणि तरी नाव राहिलं ते विल्सन कॉलेजचं, म्हणजे नवऱ्याचं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपली सुरुवात मार्गारेट यांच्या १८३२ च्या शाळेपासून मानते, हाच काय तो दिलासा.

घरातली दुःखंही होती. तान्ह्या मुलाचा मृत्यू त्या घराने पाहिला. १८३१ मध्ये जन्मलेला अँड्र्यू लहानपणीच स्कॉटलंडला नातलगांकडे पाठवला गेला. तेव्हाच्या सगळ्याच मिशनरी घरांत हे चाले, कारण इथल्या हवेत गोरं मूल जगत नाही अशी समजूत होती आणि कबरस्तानं ती खरी करत होती. हाच अँड्र्यू पुढे मोठा होऊन पत्रकार म्हणून मुंबईला परत आला, ‘बॉम्बे टाइम्स’चं काम त्याने काही काळ पाहिलं, हिमालयातल्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. आई मात्र त्याला पुन्हा भेटली नाही. १९ एप्रिल १८३५ रोजी मार्गारेट यांचा मुंबईतच मृत्यू झाला. मुंबईत पाऊल ठेवल्याला तेव्हा सहा वर्षं नुकतीच उलटली होती.

नंतर त्यांच्या ‘अ‍ॅना’ आणि ‘हे’ (Hay) अशा नावांच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून आल्या आणि मोठ्या बहिणीच्या शाळा त्यांनी चालवायला घेतल्या. मिशन हे संस्थेचं काम असलं तरी ते चालत होतं नात्यागोत्यावर, हे अशा वेळी दिसतं. बहीण गेली, तर तिचं काम बहिणी घेतात. हे तर आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

शेजारी कोण होते

बेने इस्राएलांची कथा आज बऱ्याच वाचकांना ऐकून माहीत असते. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांचा हा वंश वाढला, असं ते स्वतः सांगत आले. तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून, दिवेकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर, नौगावकर अशी. बायका लुगडं नेसत. मुलाची सुंता आठव्या दिवशी, खवले आणि पर नसलेली मासळी वर्ज्य, आणि नवस फेडायचा तर मलिदा, म्हणजे भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं, एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, याच्या नावाने.

अठराव्या शतकात ते मुंबईला येऊ लागले. कंपनीच्या पलटणींत शिरले, सुभेदारापर्यंत चढले. सॅम्युअल इझिकेल दिवेकर, ज्यांना मराठीत सामाजी हसाजी म्हणत, ते टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मांडवी भागात प्रार्थनामंदिर बांधलं. समाजात त्याला मशीदच म्हणत आणि पुढे ती जुनी मशीद झाली. तेव्हा विल्सन कुटुंब आलं त्या वेळी हा समाज कुणाच्या दयेवर जगत नव्हता. त्यांचं मंदिर होतं, निवृत्तिवेतन घेणारे सुभेदार होते, सुतार-गवंडी होते, घर चालत होतं.

नव्हता तो ग्रंथाचा आधार. शेकडो वर्षं इतर यहुदी जगापासून तुटल्यामुळे हिब्रू वाचता येणारे फार थोडे उरले होते. ‘शमा इस्राएल’ ही प्रार्थना मात्र सगळ्यांच्या तोंडी होती. जन्म असो, लग्न असो, मयत असो, तीच म्हटली जाई. कोचीहून आलेले यहुदी शिक्षक १८२० च्या दशकात त्यांना शिकवू लागले होते. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुलं येत होती आणि काही बेने इस्राएल माणसं तिथे शिक्षक म्हणूनही कामाला होती. विल्सन यांना जी भूमी मिळाली ती अशी नांगरून ठेवलेली होती.

व्याकरण

आता त्या पुस्तकाकडे येऊ.

अशी कल्पना करा, की एका निवृत्त सुभेदाराचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा आहे. त्याला बालबोध वाचता येतं. ‘शमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एखाद’ हे वाक्य तो बोलायला लागल्यापासून म्हणत आला आहे, पण ते त्याच्यासाठी एक सलग आवाज आहे. व्याकरण हाती आलं की तो आवाज सुटा होऊ लागतो. ‘शमा’, म्हणजे ‘ऐक’, हे क्रियापद, आज्ञार्थी. ‘एलोहेनू’ याच्या शेवटी चिकटलेला ‘नू’ म्हणजे ‘आपला’. अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात हे त्याला विचित्र वाटेल. पण स्वर अक्षराच्या खालीवर टिंबं-रेघा देऊन दाखवायचे, हे उकार-मात्रा शिकलेल्या मुलाला पटकन उमगेल. तीन व्यंजनांच्या धातूपासून शब्दांचं कुटुंब फुटतं, तेही धातू आणि प्रत्यय या आपल्या व्याकरणाच्या ओळखीच्या कप्प्यांत बसवून सांगता येतं. हेच इंग्रजीतून शिकायचं, तर आधी इंग्रजी शिकायला काही वर्षं लागतील आणि तोवर मुलगा पलटणीत भरती झालेला असेल. मराठीतून शिकवलं म्हणजे तो उंबरठाच काढून टाकला.

विल्सन यांचा हेतू मला झाकायचा नाही, त्यांनीही कधी झाकला नाही. या लोकांनी आपला जुना करार मुळातून वाचावा, त्यातल्या भविष्यवाण्या तपासाव्यात आणि येशू हाच तो मसीहा हे मान्य करावं, ही त्यांची अपेक्षा होती. म्हणून हे निरपेक्ष विद्यादान होतं असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही.

पण हेतू एक आणि साधन दुसरं. साधन एकदा दुसऱ्याच्या हाती गेलं की ते त्याचं होतं. व्याकरण शिकलेला मुलगा आपला ग्रंथ स्वतः वाचू शकतो, आणि स्वतः वाचणारा माणूस पाद्र्याला उलट उत्तरही देऊ शकतो. विल्सन यांना हे कळत नव्हतं असं समजणं चुकीचं ठरेल. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर या ब्राह्मण पंडिताशी त्यांचा धर्मावर जाहीर वाद झाला होता. समोरचा शास्त्र वाचून आला की काय होतं, हे त्यांनी भर सभेत अनुभवलं होतं. तरी पुढच्याच वर्षी त्यांनी बेने इस्राएलांना ते शास्त्र उघडून दिलं. या गोष्टीबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

शिवाय ते या समाजाकडून शिकतही होते. चालीरीती, नावं, सण, उपास यांची माहिती त्यांनी बेने इस्राएलांकडूनच गोळा केली, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे या समाजावर निबंध वाचला आणि आयुष्यभर त्या विषयावर लिहीत राहिले. १८३५ पासून ते त्या शाखेचे अध्यक्षच होते. अशा माहितीसाठी माणसांच्या घरी जावं लागतं, सणाला बसावं लागतं, म्हाताऱ्यांना बोलतं करावं लागतं. ज्याला तुमच्याकडून काही हवं असतं आणि जो ते मागायला तुमच्या दारात येऊन बसतो, त्याच्याशी तुमचं नातं बरोबरीचं व्हायला लागतं. नुसत्या देणाऱ्याशी ते होत नाही.

जिथे बिनसलं

हे नातं किती वेगळं होतं ते कळायला शेजारची दोन प्रकरणं बघितली पाहिजेत.

१८३९ च्या मे महिन्यात विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईच्या पारशी समाजात आगडोंब उसळला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मुलांनी स्वखुशीने धर्म बदलला, असा निकाल लागला. पण कोर्टात जिंकलेली बाजू शहरात हरली. पारशी पालकांनी मुलं शाळेतून काढून घेतली, आणि त्यांच्या मागोमाग इतरांनीही. ज्या घरांत विल्सन यांचं जाणं-येणं होतं त्यांची दारं बंद झाली. त्यानंतर विल्सन यांनी पारशी धर्मावर टीकेचा जाडजूड ग्रंथ १८४३ मध्ये छापला. ग्रंथ अभ्यासू होता, पण त्याने मनं जुळली नाहीत.

त्याच १८४३ सालात नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. विल्सन यांचे सहकारी रॉबर्ट नेस्बिट यांच्या घरी नारायणचा धाकटा भाऊ श्रीपतही राहिला होता. त्याचं वय लहान म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. मिशनरी घरात राहिला, तिथलं अन्न खाल्लं, म्हणून त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर मुंबई-पुण्याचा ब्रह्मवृंद ढवळून निघाला. प्रायश्चित्त देऊन घ्यावं, या बाजूने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी स्वकीयांचा रोष पत्करला.

या दोन्ही प्रकरणांत एका घराने दुसऱ्या घरातलं मूल घेतलं. हेतू कितीही शुद्ध असो, कायदा कुणाच्याही बाजूने असो, आईबापांना तसंच दिसलं. मुलाने शाळेतून शिकून परत येणं वेगळं आणि शाळेच्याच घरी राहून जाणं वेगळं. पहिल्यात शेजार टिकतो, दुसऱ्यात तो टिकूच शकत नाही. मिशनरी कुटुंबांना हे कळत होतं की नाही, यापेक्षा त्यांच्या कामाची रचनाच अशी होती की प्रत्येक यशातून एक मैत्री जाणार होती.

बेने इस्राएलांच्या बाबतीत हे घडलं नाही, कारण धर्म बदलणारे जवळजवळ निघालेच नाहीत. ही माणसं शाळेत आली, हिब्रू शिकली, इंग्रजी शिकली, जुन्या कराराची मराठी भाषांतरं वाचली, आणि शुक्रवारी संध्याकाळी आपल्या मशिदीत गेली. मिशनच्या हिशेबात हे अपयश होतं. विल्सन यांनी म्हणून हात आखडता घेतला नाही. पुढे १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं, मुंबईचे मिशनरी नव्या फ्री चर्चकडे गेले, इमारत सोडून शाळा पहिल्यापासून उभी करावी लागली. तरीही बेने इस्राएल मुलं तिथे येत राहिली.

त्यांनी काय केलं

१८४६ मध्ये मुंबईत हग्गादा मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री घरात वाचायचं पुस्तक ते, आणि आता आजीलाही समजेल अशा भाषेत. १८७४ मध्ये पुण्याला निघालेल्या हग्गादेत चित्रंही आहेत. त्यांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात बसलेल्या दिसतात. १८८० च्या सुमारास याच मंडळींनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठी कीर्तनात लावली, साकी-दिंडीसह.

या सगळ्याचं श्रेय विल्सन कुटुंबाला देणं अन्यायाचं होईल. कोचीचे शिक्षक, नंतर बगदादी यहुदी, समाजातलेच खटपटे लोक, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण जोसेफ इझिकेल राजपूरकर यांचं उदाहरण घ्या. १८३४ मध्ये मुंबईत जन्मले, फ्री चर्चच्या त्याच शाळेत शिकले. डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या यहुदी शाळेचे ते वर्षानुवर्षं मुख्याध्यापक होते. हिब्रू प्रार्थनापुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. मुंबई विद्यापीठाने त्यांना हिब्रूचे परीक्षक नेमलं. मिशनरी शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी आपल्याच समाजाची उपासना पक्की करतो, यापेक्षा स्वच्छ पुरावा मला दुसरा दिसत नाही.

हाईम सॅम्युअल केहिमकरांनी १८७५ मध्ये आपल्या समाजासाठी स्वतंत्र शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा झाली. आपल्या समाजाचा मोठा इतिहास त्यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापून निघायला १९३७ साल उजाडलं. त्यात विल्सन यांचं आणि अमेरिकन मिशनचं ऋण ते मोकळेपणाने मान्य करतात. विल्सन १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईत वारले. सेहेचाळीस वर्षं ते या शहराशी बांधलेले होते, विद्यापीठाचे कुलगुरू झाले होते. केहिमकरांची शाळा त्याच वर्षीची. तिच्यात हिब्रू शिकवायला आता बाहेरच्या पाद्र्याची गरज नव्हती. समाजातली शिकलेली माणसंच पुढच्या मुलांना शिकवू लागली होती.